मासा कुणाचा?

बालमित्रांनो, दोन शेतांच्या बांधावर आंब्याचं झाड असलं की काय होतं, ते गावाकडच्या मुलांना वेगळं सांगायला नको! खोड एकाच्या शेतात, फांद्या दुसऱ्याच्या. दोघांनाही वाटतं, आपण आधी उतरवून घ्यावं, नाहीतर शेजारी नेईल. मग काय, कैऱ्या पाडाला लागायच्या आतच झाड रिकामं!

असंच भांडण भर समुद्रात दोन देशांमध्ये झालं तर? १९९५ साली ते खरोखरच झालं.

कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंड नावाचं बेट आहे. त्याच्या जवळ 'ग्रँड बँक्स' हा समुद्राचा उथळ भाग आहे. इथे थंड आणि उबदार असे दोन प्रवाह भेटतात, म्हणून माशांना खाद्य भरपूर. १४९७ मध्ये जॉन कॅबट इकडे येऊन गेला, तेव्हा इथे कॉड मासे नुसत्या टोपलीने काढता येतात, अशी बातमी युरोपात पसरली होती!

विसाव्या शतकात मात्र अवाढव्य ट्रॉलर आले. रात्रंदिवस मासेमारी सुरू झाली आणि कॉड संपत आला. अखेर २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारने कॉड पकडण्यावर बंदी घातली. सुमारे ३०,००० लोकांचं काम एका दिवसात गेलं. विचार करा, त्या घरांतल्या मुलांनी संध्याकाळी काय ऐकलं असेल!

आता भांडणाचं मूळ पाहू. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या माशांवर त्या त्या देशाचा हक्क असतो. त्यापलीकडचा समुद्र सर्वांचा. ग्रँड बँक्सची दोन टोकं नेमकी या रेषेबाहेर आहेत. माशांना ही रेघ थोडीच दिसते? ते इकडून तिकडे खुशाल पोहतात.

बाहेरच्या भागातले मासे वाटून घेण्यासाठी 'नाफो' ही अनेक देशांची संघटना आहे. तिने १९९५ साठी टर्बट माशाचा कोटा ठरवला : एकूण २७,००० टन. त्यात युरोपीय संघाचा वाटा ३,४०० टन. युरोपने तो अमान्य केला आणि स्वतःच १८,००० टनांहून जास्त कोटा ठरवून टाकला!

९ मार्च १९९५ रोजी कॅनडाच्या गस्ती जहाजांनी 'एस्ताई' या स्पॅनिश ट्रॉलरचा पाठलाग केला. खलाशांनी जाळं कापून समुद्रात सोडलं. इशाऱ्यासाठी मशीनगनच्या फैरी झाडल्या गेल्या, तेव्हा कुठे जहाज थांबलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

"ही तर चाचेगिरी!" असा युरोपात ओरडा झाला. त्यात तथ्यही होतं, कारण जहाज २०० मैलांच्या बाहेर होतं. मग कॅनडाचे मत्स्यमंत्री ब्रायन टोबिन यांनी ते बुडालेलं जाळं वर काढलं आणि थेट न्यूयॉर्कला नेऊन संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीसमोर टांगून दाखवलं! जाळ्याच्या भोकाला आपले कोळी 'आस' म्हणतात. या जाळ्याचे आस नियमापेक्षा लहान होते. म्हणजे पिल्लंसुद्धा अडकणार. मग पुढच्या वर्षी मोठे मासे येणार कुठून?

थोडक्यात, कायद्याची बाजू स्पेनकडे आणि माशांची बाजू कॅनडाकडे!

एप्रिलमध्ये तडजोड झाली. कोटा नव्याने वाटला गेला आणि दोन्ही बाजूंच्या जहाजांवर निरीक्षक नेमायचं ठरलं. त्याच वर्षी ४ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांत रेषा ओलांडणाऱ्या माशांसाठी करार संमत झाला. त्याचा गाभा सोपा आहे : माशांची खात्रीशीर माहिती नसेल, तर जास्त नव्हे, कमी पकडा. सभासद देशांना खोल समुद्रातही एकमेकांची जहाजं तपासता येतात. २००१ मध्ये तो अमलात आला आणि २००३ मध्ये भारतही त्यात सामील झाला.

आणि त्या कॉडचं काय झालं? न्यूफाउंडलंडच्या उत्तर आणि पूर्वेकडच्या समुद्रातली ती बंदी पूर्णपणे उठली २०२४ मध्ये, तीही मर्यादित मासेमारीपुरती. म्हणजे तब्बल ३२ वर्षांनी! समुद्र रिकामा करायला थोडी वर्षं पुरली. भरायला एक अख्खी पिढी गेली.

तर मित्रांनो, बांधावरच्या त्या झाडाचे आंबे तुम्ही कसे वाटाल? आज घरी आईबाबांशी जरूर बोला!