शिनाणे आपल्या शेततळ्यात होतील का?

ताईंनो, शेततळ्यात शिंपले वाढवता येतील का, असं गटाच्या बैठकीत विचारलं जातं. म्हणून आज कोकणातल्या शिनाण्यांबद्दल.

शिनाणे म्हणजे हिरव्या कडेचे, बोटभर लांबीचे समुद्री शिंपले. कोकणात, गोव्यात आवडीनं खातात. दोऱ्यासारखे चिवट तंतू काढून ते खडकाला धरून बसतात. पालनात खडकाऐवजी दोर असतो. बारीक पिल्लं दोराभोवती सुती कापडात गुंडाळून शिवायची आणि दोर खाडीत टांगायचा. काही दिवसांत कापड कुजतं, तोवर पिल्लांनी दोर पकडलेला असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात टांगलेला माल मेपर्यंत काढावाच लागतो, कारण पावसानं खाडीचं खारेपण उतरलं की शिनाणे मरतात.

खाद्याचा खर्च? काहीच नाही! ते पाणी गाळून त्यातलं बारीक शेवाळ खातात. कोंबड्या पाळणाऱ्या बाईला याचं मोल सांगायला नको. केरळात कासरगोड जिल्ह्यातल्या बचत गटांच्या बायकांनी कर्ज काढून ही शेती केली, तीही १९९६-९७ च्या सुमारास सुरुवात झाल्यावर लगेचच. पण पाण्याबरोबर घाण नि रोगजंतूही शिनाण्यांच्या अंगात साठतात. म्हणून गटार मिळतं तिथले शिनाणे खायचे नाहीत.

आता आपलं. गोदावरी काय, मांजरा काय, पाणी गोडंच. त्यात शिनाणे जगत नाहीत. मीठ टाकून तळं खारं करायला जाल तर शेजारची जमीन नासेल. बीज विकायला कुणी आलं तर गटाचं कर्ज त्यात घालू नका. मोत्यांचे शिंपले मात्र गोड्या पाण्यातले, त्यांचा हिशेब वेगळा.