वाङ्मयचौर्य, पूर्वग्रह आणि कुलगुरूंसाठीची मोजपट्टी

प्रस्तावना : कफ परेडच्या मच्छीमार नगरातील एका विद्यार्थिनीने पदव्युत्तर प्रकल्पासाठी डोल जाळ्याची मासेमारी हा विषय निवडला होता. संगणकीय तपासणीत तिच्या लेखनाचे साम्य २२ टक्के निघाले. त्यातील बराच भाग किनारपट्टी नियमन अधिसूचनेचा मजकूर आणि शासकीय योजनांची नावे यांचा होता. तरीही तिला प्रकल्प पुन्हा लिहावा लागला, आणि मार्गदर्शक या नात्याने तसे सांगणारा प्रस्तुत लेखकच होता. त्यानंतर मनात राहिलेला प्रश्न असा की, हीच मोजपट्टी विद्यापीठाच्या सर्वोच्च पदापर्यंत कशी पोहोचते?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी साम्याच्या पातळ्या ठरविल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. प्रबंधात १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते. ४० ते ६० टक्क्यांस एक वर्ष सुधारित प्रत सादर करण्यास मनाई. त्यापुढे नोंदणी रद्द. कायद्यांचा मजकूर, रूढ संज्ञा आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य मोजू नये, असेही विनियम सांगतात. व्यवहारात मात्र यंत्राने दिलेला आकडाच अंतिम मानला जातो. उलट, इंग्रजी ग्रंथातील प्रकरण मराठीत भाषांतरित करून आपल्या नावावर घातले, तर ते अशा तपासणीतून सहज सुटते. (लेखकाचा एम. फिल. चा लघुप्रबंध कोणत्याही यंत्राने तपासला नव्हता, हेही येथे नोंदवावयास हवे.)

तक्रारीची चौकशी आधी विभागीय समिती व नंतर संस्थास्तरीय समिती करते. दोघींना प्रत्येकी ४५ दिवसांची मुदत असून संस्थास्तरीय समितीत एक सदस्य संस्थेबाहेरचा असतो. संस्थाप्रमुखाविरुद्ध तक्रार आल्यास काय? त्यासाठी एकच वाक्य आहे : नियंत्रक प्राधिकरणाने या विनियमांना अनुसरून योग्य ती कारवाई करावी. त्यात मुदत नाही आणि चौकशी समितीची रचनाही नाही. खरा दुहेरी मापदंड येथे, नियमाच्या मांडणीतच आहे.

याची उदाहरणे दूरची नाहीत. चर्चगेटच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या माजी कुलगुरू चंद्रा कृष्णमूर्ती २०१३ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. कायदेशिक्षणावरील त्यांच्या ग्रंथात इतरांचा मजकूर उचलल्याचे आणि परिचयपत्रातील दावे चुकीचे असल्याचे आरोप झाले. विद्यार्थी व अध्यापकांचे आंदोलन झाले. २०१५ मध्ये त्यांना कामापासून दूर ठेवण्यात आले आणि २०१६ मध्ये पदावरून हटविण्यात आले. ग्रंथ मात्र नियुक्तीपूर्वीच प्रसिद्ध झालेला होता! निवडीच्या वेळी तो कोणी उघडून पाहिला असता, तर पुढचा प्रसंग टळला असता.

कुमाऊँ विद्यापीठाचे कुलगुरू बी. एस. राजपूत यांच्यावर २००२ मध्ये स्टॅनफर्डच्या भौतिकशास्त्रज्ञ रेनाटा कॅलॉश यांच्या निबंधाची नक्कल केल्याचा आरोप झाला. परदेशी शास्त्रज्ञांनी राष्ट्रपतींकडे पत्र पाठविल्यावर प्रकरणाला वेग आला आणि २००३ मध्ये राजपूत यांनी राजीनामा दिला. दिल्ली विद्यापीठाचे माजी कुलगुरू दीपक पेंटल यांना मात्र अशाच आरोपावरून एका सहकाऱ्याच्या तक्रारीत नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने तिहार कारागृहात धाडले. उच्च न्यायालयाने त्याच दिवशी त्यांची सुटका केली. आरोप एकाच जातीचा असूनही एकास राजीनामा, एकास बडतर्फी आणि एकास चौकशी पूर्ण होण्यापूर्वीच कारागृहाचे दार, असे का व्हावे?

हार्वर्डच्या अध्यक्षा क्लॉडीन गे यांचे प्रकरण या प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. त्या विद्यापीठाच्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्षा. डिसेंबर २०२३ मधील संसदीय सुनावणीनंतर त्यांच्या जुन्या लेखनाची छाननी सुरू झाली आणि २ जानेवारी २०२४ रोजी त्यांनी पद सोडले. टीकाकारांचा हेतू राजकीय होता, हे त्यांच्या समर्थकांचे म्हणणे बरेचसे पटण्याजोगे आहे. तथापि, अपुऱ्या संदर्भनिर्देशाची काही उदाहरणे विद्यापीठाच्या पाहणीतही आढळली होती. हेतू दूषित होता म्हणून अवतरणचिन्हे आपोआप उमटत नाहीत. त्याचप्रमाणे अवतरणचिन्हे सुटली म्हणून तक्रारदार निष्पक्ष ठरत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी द्यावी लागतात. कोणाचे लेखन तपासावयाचे हे तक्रारदाराच्या मर्जीवर राहिले, तर जो अल्पसंख्य वा अप्रिय तोच तपासला जाणार, हे उघड आहे.

म्हणून आमच्या मते तपासणी तक्रारीनंतर नव्हे, तर निवडीच्या वेळी आणि सर्वच उमेदवारांची व्हावी. शोध समितीने प्रत्येकाचे प्रमुख ग्रंथ व निबंध त्या विषयाच्या बाहेरील तज्ज्ञाकडे नव्हे, तर त्याच विषयाच्या दोन वाचकांकडे पाठवावेत आणि त्यांचा अहवाल नियुक्तीसोबत प्रसिद्ध करावा. संस्थाप्रमुखाविरुद्धच्या चौकशीलाही ४५ दिवसांची मुदत लागू करावी. त्या विद्यार्थिनीने आपला प्रकल्प तीन आठवड्यांत पुन्हा लिहिला. नव्या प्रतीत अधिसूचनेचा मजकूर जवळजवळ नव्हता. त्याऐवजी आजोबांनी सांगितलेली भरती-ओहोटीची व जाळे लावण्याची माहिती होती, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांच्या नावाचा निर्देश होता.