मेडिकलवाल्या भाऊंना विचारलंत?

रविवार रात्रीचा फोन. पुणे ते अमरावती. आमच्याकडे तो ठरलेल्या डायलॉग्जवर चालतो.

‘बाबा, गोळ्या घेतल्या?’

‘घेतल्या.’

‘कुठल्या?’

‘एक पांढरी, एक गुलाबी आणि अर्धी पिवळी.’

झालं! माझं टेन्शन खल्लास. तुमचंही असंच होत असणार. अमरावती-अकोल्याची अर्धी पोरं पुण्या-मुंबईत नोकरीला आणि आईबाबा तिकडे. शुगर, बीपी, थायरॉइड यांपैकी निदान एक पाहुणा प्रत्येक घरात कायमचा मुक्कामाला. पण बाबांची गुलाबी गोळी नेमकी कसली, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मला येत नव्हतं. चौकातल्या मेडिकलवाल्या भाऊंना मात्र तोंडपाठ होतं.

मागच्या मे महिन्यात बाबा पंधरा दिवस अकोल्याला ताईकडे गेले होते आणि गोळ्यांचा डबा घरीच विसरले. ताईने त्यांना जवळच्या डॉक्टरकडे नेलं. जुनी चिठ्ठी सोबत नव्हती. डॉक्टरांनी शुगर तपासून नवीन गोळ्या लिहून दिल्या. बाबा अमरावतीला परतले, जुना डबा उघडला आणि शिक्षकी पेशाला साजेसा हिशोब केला, की दोन्ही डॉक्टरांनी दिल्यात, तर दोन्ही घ्यायच्या. चौथ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आले ते घामाने थबथबलेले. हात थरथरत होते, बोलणं असंबद्ध. आईला काय सुचलं देव जाणे, तिने आधी साखरेचं पाणी पाजलं. थोड्या वेळाने ते भानावर आले. मग शेजारच्या काकांना त्यांच्याजवळ बसवून आई सगळे पत्ते एका पिशवीत कोंबून तडक मेडिकलमध्ये गेली.

भाऊंनी काउंटरवर पत्ते मांडले. दोन बाजूला काढले. ‘काकू, ही अन् ही एकच गोयी हाये. नावं फक्त दोन.’

ग्लिमेपिराइड. कंपनी वेगळी, ब्रँड वेगळा, रंगही वेगळा, औषध मात्र तेच. म्हणजे बाबा चार दिवस दुप्पट डोस घेत होते! भाऊंनी तिथूनच आमच्या डॉक्टरांना फोन लावला. या गोळीने उतरलेली शुगर एकदा वर आली तरी पुन्हा घसरू शकते, म्हणून डॉक्टरांनी बाबांना दिवसभर दवाखान्यातच ठेवून घेतलं. हे सगळं मला कळलं रात्री. मी तेव्हा ऑफिसात एका प्रेझेंटेशनचे रंग ठरवत होते.

गंमत बघा. २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण पाच दिवसांच्या आत उरकून गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता झाला सुसाट, पण बाबांच्या औषधांची चिठ्ठी काही त्या रस्त्याने अकोल्याला पोचली नाही!

तेव्हापासून मी गोळ्यांची मूळ नावं वाचायला शिकले. अवघड नाही. एकच औषध असलेल्या गोळीच्या पत्त्यावर मूळ नाव ब्रँडपेक्षा दोन फाँट मोठं छापायचा नियम २०१८ पासून आहे. मूळ नाव आणि मिलिग्रॅम, एवढंच बघायचं. (पत्ता कापून घेताना एक्स्पायरीची तारीख असलेला तुकडा आपल्याकडेच ठेवायचा. आमच्या घरी तो दर वेळी दुकानात राहायचा.)

आता थोडं भाऊंच्या विरोधात. मेडिकलवाला म्हणजे डॉक्टर नव्हे, आणि ‘ओळखीत’ गोळ्या मिळणं हे काही सुख नव्हे. आमच्याच बाबांनी तीन वर्षं एकाच मळकट चिठ्ठीवर गोळ्या आणल्या होत्या. पत्त्यावर ‘आरएक्स’ असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते औषध द्यायचं नसतं. त्यामागे कारण आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्याची किडनी अधूनमधून तपासावी लागते आणि ते काम काउंटरवरून होत नाही. दुकानाच्या भिंतीवर नोंदणीकृत फार्मासिस्टचं सर्टिफिकेट असतं, ते बघा आणि ती व्यक्ती दुकानात असते का तेही बघा. औषध कसं घ्यायचं ते पेशंटला समजावणं हा फार्मासिस्टच्या कामाचाच भाग आहे, असं २०१५ च्या नियमांतही म्हटलंय. तेव्हा बिनधास्त विचारा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियमची तिच्यापासून चार तास लांब, हे माझ्या आईला इतक्या वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. ती दोन्ही सकाळच्या चहासोबत घ्यायची!

आणि आपला उन्हाळा? मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना १४४ कलम लावावं लागलं. इन्सुलिनची वापरात असलेली बाटली साधारण महिनाभर घरातल्या तापमानाला टिकते असं म्हणतात, पण ते ‘घर’ तीस डिग्रीच्या आतलं. वऱ्हाडात मे महिन्यात कूलरला वाळा लावला तरी तेवढं होत नाही. म्हणून फ्रिजच्या दारात ठेवायची. फ्रीजरजवळ अजिबात नाही, एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. लाइट गेली तर ओल्या माठात, पाणी लागणार नाही अशा डब्यात. घेतानाही विचारा, रात्री दुकान बंद झाल्यावर फ्रिज चालू असतो का?

पैशांचंही बघा. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या दुकानांत हीच औषधं बरीच स्वस्त मिळतात. बदलायला हरकत नाही, फक्त डॉक्टरांना सांगून, आणि थायरॉइडची बदललीत तर नंतर टीएसएच तपासून.

माझं मत विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं आहे एकच दुकान धरणं. केंद्र सरकारने २०१७ साली बीपी आटोक्यात ठेवण्यासाठी एक उपक्रम सुरू केला. त्याच्या पहिल्या पंचवीस जिल्ह्यांत आपले शेजारी वर्धा आणि भंडारा होते. त्यातला फंडा साधा होता. महिन्याची गोळी महिन्याला द्यायची आणि जो न्यायला आला नाही त्याला गाठायचं. गोळ्या संपतात आणि माणूस ‘बरं वाटतंय’ म्हणून गप्प बसतो, खरा घोटाळा तिथेच. डिस्काउंटसाठी दर महिन्याला नवीन दुकान गाठणाऱ्याला कोण हुडकणार?

दिवाळीत घरी गेले तेव्हा तासभर भाऊंच्या काउंटरवर बसले. दोघांनी मिळून यादी केली: मूळ नावं, मिलिग्रॅम, वेळा. एक प्रत डब्याच्या झाकणात, एक ताईकडे, एक माझ्या फोनमध्ये. भाऊंनी माझा नंबर घेतला आणि ‘गुरुजींची पुणेवाली’ म्हणून सेव्ह केला.

परवा मीटिंगमध्ये असताना त्यांचाच फोन. ‘ताई, गुरुजींच्या गोया सोमवारीच सरल्या असन. आले नाई अजून.’

मी बाहेर येऊन घरी फोन लावला. ‘बाबा, गोळ्या संपल्या का?’

पलीकडे क्षणभर शांतता. मग, ‘तुला कोणी सांगितलं?’