मागच्या चाकांचा टकटकाट

दिवाळीच्या आधीच्या रविवारची गोष्ट. इंदूरमध्ये दोन पिढ्यांपासून स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातील निवृत्त गृहस्थ पत्नीसह मोटारीने बाजारात निघाले होते. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक ओलांडताना मागच्या बाजूने 'टक्' असा आवाज आला. पुढच्या खड्ड्यात तो पुन्हा आला.

"अहो, मागं काहीतरी वाजतंय," पत्नी म्हणाल्या.

"अगं, पावसाळ्यानंतर रस्तेच असे होतात," असे म्हणून त्यांनी विषय टाळला खरा. परंतु घरी परतेपर्यंत त्या आवाजाने त्यांचा पिच्छा सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. तेथील कारागिराने मागचा भाग दोनदा हाताने दाबून पाहिला आणि दोन्ही शॉकअ‍ॅब्सॉर्बर, दोन्ही स्प्रिंगा व सर्व बुश बदलावे लागतील, असे सांगून अठरा हजारांचा अंदाज हाती ठेवला. भाऊबीजेला जळगावला जायचे होते, सोबत ऐंशी वर्षांच्या आई असणार होत्या आणि वाटेत भेरूघाटाची उतरण होती. त्यामुळे त्या गृहस्थांसमोर एकाच वेळी दोन प्रश्न उभे राहिले. हा आवाज घेऊन घाट उतरणे सुरक्षित आहे काय? आणि सुरक्षित नसेल, तर अठरा हजारांचा खर्च खरोखरच आवश्यक आहे काय? असे प्रश्न मोटार बाळगणाऱ्या बहुतेक कुटुंबांना केव्हा ना केव्हा पडतात. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी त्यांनी जे केले, ते थोडी हत्यारे आणि भरपूर धीर असणाऱ्या कोणालाही करता येण्यासारखे आहे.

प्रथम मोटारीच्या मागच्या बाजूची रचना समजून घ्यावयास हवी. २०१४ पर्यंत तयार होणाऱ्या अ‍ॅम्बॅसेडरला आणि २०१९ पर्यंत चाललेल्या मारुती ओम्नीला मागे पोलादी पाटे असत. अलीकडच्या बहुतेक लहान मोटारींत त्यांची जागा गुंडाळीच्या स्प्रिंगने घेतली आहे. वॅगन-आरच्या पहिल्या पिढीत मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा अखंड आस होता, तर स्विफ्टसारख्या मोटारींत पीळ सहन करणारी तुळई असते. प्रकार कोणताही असो, कामाची वाटणी तीच. वजन पेलते ती स्प्रिंग. परंतु एकदा दाबली गेलेली स्प्रिंग तशीच सोडली, तर ती कितीतरी वेळ वरखाली होत राहील. तिला आवर घालतो तो शॉकअ‍ॅब्सॉर्बर. त्याच्या नळीतील तेल बारीक झडपांमधून ये-जा करते आणि हालचालीतील ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. हे सारे भाग एकमेकांना आणि गाडीच्या सांगाड्याला जेथे जोडले जातात, तेथे धातूवर धातू आपटू नये म्हणून रबराचे बुश बसवलेले असतात. सर्वांत स्वस्त भाग हाच, आणि बहुधा सर्वांत आधी झिजणाराही हाच. ऊन, धूळ, पाणी आणि वय यांनी रबर कडक होते, त्याला भेगा पडतात, ते चपटे होते. मग जेथे अंतर नको तेथे दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा होते आणि प्रत्येक खड्ड्यात धातू धातूवर ठोकला जातो.

आवाजाची जात ओळखणे ही निदानाची पहिली पायरी होय, आणि या बाबतीत मराठी भाषा फार समृद्ध आहे. संथ गतीने लहान खड्ड्यांतून जाताना कोरडी 'टक्‌टक्' येत असेल, तर सैल झालेला नट किंवा झिजलेला बुश यांचा संशय घ्यावा. 'कुईकुई' किंवा 'कुर्रकुर्र' हा बहुधा कोरड्या पडलेल्या रबराचा स्वर. भरलेली गाडी मोठ्या खड्ड्यात जाऊन 'धप्प' असा आवाज आला, तर आस शेवटच्या रबरी अडथळ्यावर आपटला, असे समजावे. एक तर भार जास्त आहे, नाही तर स्प्रिंग किंवा शॉकअ‍ॅब्सॉर्बर थकला आहे. 'खडखड' बहुतेक वेळा सायलेन्सरच्या लोंबत्या रबराची किंवा त्यावरील पत्र्याची असते. आणि गुळगुळीत रस्त्यावरही वेगाबरोबर वाढत जाणारी 'घरघर' चाकाच्या बेअरिंगकडे बोट दाखवते. तिचा खड्ड्यांशी संबंध नसतो. गॅरेजमध्ये गेल्यावर 'मागे आवाज येतो' एवढेच सांगणारा ग्राहक आणि 'डावीकडून, वीसच्या वेगाला, लहान खड्ड्यात, टक् असा एकच आवाज येतो' असे सांगणारा ग्राहक यांच्या बिलांत बराच फरक पडू शकतो.

इंदूरच्या त्या गृहस्थांनी कामाला सुरुवात केली ती डिकीपासून. हे अनेकांना हास्यास्पद वाटेल. परंतु मागच्या भागातील आवाजांचे मूळ कितीदा तरी तेथेच सापडते. जॅक, त्याचा दांडा, चाकाचा पाना, विसरलेली पाण्याची बाटली, स्टेपनीचा सैल बोल्ट, मागच्या आसनाची नीट न बसलेली खिट्टी, एवढेच नव्हे तर नंबर प्लेटसुद्धा वाजू शकते. त्यांनी डिकी पूर्ण रिकामी केली. स्टेपनीचा बोल्ट खरोखरच अर्धा फिरलेला निघाला. तो आवळून पुन्हा फेरी मारली. आवाज निम्म्यावर आला, पण गेला नाही. येथे बरेच जण समाधान मानून थांबतात. आवाजाची दोन कारणे एकाच वेळी असू शकतात, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मग त्यांनी मुलाला गाडी चालवावयास लावून स्वतः मागे बसण्याची युक्ती केली. चालकाला मागचा आवाज कोणत्या बाजूचा, हे नीट कळत नाही. काच खाली करून गाडी एखाद्या लांब कुंपणभिंतीच्या कडेने हळू नेली असता भिंतीवरून परतणारा आवाज त्या बाजूचा सुगावा देतो. उजवी बाजू शांत होती. डावी वाजत होती. त्याच फेरीत हँडब्रेक किंचित ओढून पाहिला. तसे केल्याने आवाज बदलला असता, तर ब्रेकच्या ड्रममधील भाग तपासावे लागले असते. ही परीक्षा मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगानेच करावी.

घरी आल्यावर गाडी सपाट फरशीवर उभी करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावल्या. मागचा कोपरा शरीराच्या भाराने दाबून एकदम सोडला. गाडी वर आली, किंचित खाली गेली आणि स्थिर झाली. ती दोन-तीनदा डुलत राहिली असती, तर शॉकअ‍ॅब्सॉर्बर निकामी मानावा लागला असता. नळीवर बॅटरीचा प्रकाश टाकून पाहिले; धूळ कोरडी होती, तेलाचा ओघळ नव्हता. तथापि ही दाबून पाहण्याची परीक्षा निर्णायक नव्हे. पूर्ण थकलेला शॉकअ‍ॅब्सॉर्बर तिच्यात उघडा पडतो, अर्धवट थकलेला पुष्कळदा निसटतो.

यानंतर मुलाने गाडी हलवत ठेवली आणि गृहस्थांनी एकेका जोडावर हात ठेवून पाहिला. कानाला जे सापडत नाही ते तळहाताला सापडते. मात्र स्प्रिंगच्या वेढ्यांत बोटे घालू नयेत. डिकीतील प्लॅस्टिकचे झाकण काढून शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या टोकावर बोटे टेकवली, तेव्हा प्रत्येक हेलकाव्याबरोबर तेथे बारीक ठोका जाणवला. दोष सापडला होता. वरचे रबर चपटे होऊन त्याच्या कडा तडकल्या होत्या.

या गाडीत स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर वेगवेगळे होते, म्हणूनच पुढचे काम घरी करण्याजोगे होते. ज्या गाड्यांत स्प्रिंग शॉकअ‍ॅब्सॉर्बरवरच चढवलेली असते, तेथे वरचा मधला नट घरी कदापि सोडवू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली, तर ती माणसाला जायबंदी करू शकते. येथे मात्र चारही चाके जमिनीवर असल्यामुळे गाडीचा भार स्प्रिंगवर जागच्या जागी राहिला. गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच सोडले होते. रबराला ते लागू नये, एवढी काळजी घेतली. खनिज तेलाने रबर फुगते आणि खराब होते, त्यामुळे कुईकुई थांबवण्यासाठी बुशांवर इंजिन ऑइल ओतण्याची जुनी सवय सोडून दिलेलीच बरी.

सकाळी दांड्याच्या टोकाला एका पान्याने धरून दुसऱ्याने वरचे दोन्ही नट सोडवले. नंतर चाकाशेजारी बसून खालचा बोल्ट काढला आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर हातात आला. तो हातात असताना एक उत्तम परीक्षा करता येते. उभा धरून दांडा पूर्ण आत ढकलावा, पूर्ण बाहेर ओढावा. सर्वत्र सारखा विरोध जाणवला पाहिजे; मध्येच हात रिकामा गेल्यासारखा वाटला, तर तो भाग बाद. येथे विरोध एकसारखा होता. म्हणजे अठरा हजारांच्या त्या यादीतील सर्वांत मोठी रक्कम अनावश्यक होती.

सुट्या भागांच्या दुकानात जुने रबर नमुना म्हणून नेले. नवी रबरे आणि वायसर, दोन्ही बाजूंसाठी मिळून, पाचशे रुपयांच्या आत आले. उजवी बाजू वाजत नसली, तरी तिचे रबर त्याच वयाचे होते, म्हणून तेही बदलले. दुकानदाराने जुन्या टायरच्या रबराची चकती कापून घालण्याचा सल्लाही दिला होता. प्रवासात अडकलेल्या माणसाने असा उपाय करून घर गाठावे. त्यावर वर्ष काढू नये.

बसवताना दोन गोष्टी पाळल्या. रबर कडेने फुगून बाहेर येईल इतका नट आवळला नाही, आणि पहिल्या नटावर दुसरा नट घट्ट बसवून त्याला कुलूप घातले. खालच्या बोल्टचा शेवटचा आवळा चाके जमिनीवर असतानाच दिला. ही बाब अनेक कारागीरही विसरतात. खालचे बुश आतल्या व बाहेरच्या धातूच्या नळ्यांना चिकटवलेले असते. गाडी उचललेली असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली येताच त्या रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवे बुश काही महिन्यांत फाटते.

ज्या कामासाठी गाडी उचलावीच लागते, त्याबद्दल मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालू नये. भक्कम स्टॅण्ड नसतील, तर ते काम गॅरेजवर सोपवावे. सर्वसाधारण मोटारींत हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे मागची चाके हवेत असताना त्याचा काहीच उपयोग नसतो, हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तुटलेली स्प्रिंग, तेल गळणारा शॉकअ‍ॅब्सॉर्बर, तडा गेलेला आस किंवा गंजून पातळ झालेली बैठक आढळल्यास घरगुती उपायांचा विचार सोडून द्यावा. थकलेल्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरमुळे चाक रस्त्यावर टेकून राहत नाही आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. असे शॉकअ‍ॅब्सॉर्बर नेहमी जोडीनेच बदलावेत.

ग्राहकांच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा. मोटार विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई मिळत नाही, म्हणून हा खर्च स्वतःच्या खिशातूनच होतो. गाडी वॉरंटीत असेल, तर मात्र पान्याला हात न लावता ती अधिकृत केंद्रातच न्यावी.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी कुटुंब पहाटे निघाले. निघण्यापूर्वी गृहस्थांनी नव्या रबरांवरील नट पुन्हा एकदा तपासले; एक नट पाव फेरा फिरला, तो पुन्हा कुलूपबंद केला. सिमरोळ मागे पडले, भेरूघाटाची वळणे सुरू झाली. मागून पुन्हा बारीक खुळखुळ येऊ लागली, तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहू लागले. आईंनी वाकून पायाशी ठेवलेला चकल्यांचा स्टीलचा डबा उचलला आणि मांडीवर घेतला.