ससून डॉकवर आलेली गंगेची मुशी

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर २६६ सेंटिमीटर लांबीची एक मादी मुशी आली. मुशी बंदरावर रोजच येते. पण हिचे डोळे एवढ्या मोठ्या धडाच्या मानाने अगदीच बारीक होते आणि पाठीवरचा मागचा पर पुढच्या पराच्या साधारण निम्मा होता. ही होती गंगा शार्क, शास्त्रीय नाव ग्लायफिस गँजेटिकस. तिची पक्की नोंद त्याआधी दहा वर्षांहून अधिक काळ झाली नव्हती.

म्युलर आणि हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३९ मध्ये तिला गंगेचं नाव दिलं. पुढे जनुकीय तपासणीत म्यानमार आणि बोर्निओकडच्या नदी-शार्कही याच जातीच्या निघाल्या. म्हणजे ही एका नदीची कैदी नाही; खाडी, किनारा, समुद्र हेही तिचंच घर.

गोड्या पाण्यात शार्कने तगणं सोपं नाही. शार्कच्या रक्तात युरिया भरपूर असतो, म्हणून खाऱ्या पाण्यात तिच्या अंगातलं पाणी आटत नाही. नदीत मात्र तेच अंगावर येतं: कल्ल्यांवाटे पाणी आत घुसत राहतं. नद्यांमध्ये शिरणाऱ्या बुल शार्कमध्ये हे नीट अभ्यासलं गेलंय. ती युरिया कमी करते, पातळ लघवी सतत बाहेर टाकते आणि मीठ मात्र धरून ठेवते. गंगेत माणसांवर झालेल्या हल्ल्यांचं खापरही बऱ्याचदा गंगा शार्कवर फुटलं. त्यातले अनेक याच बुल शार्कचे असावेत.

२००१ पासून गंगा शार्कला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. पण जाळं जात बघून मासा धरत नाही. बंगळुरूच्या दक्षिण फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह मालवणात हाच प्रश्न हाती घेतला: ट्रॉलरच्या जाळ्यात नको असताना येणाऱ्या मुशी वाचवायच्या कशा? मला वाटतं, उत्तर मच्छीमाराला सोबत घेऊनच मिळेल. शिक्षेच्या धाकाने दुर्मीळ मुशी बोटीवरच कापली गेली, तर मासाही जातो आणि नोंदही.

महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीपासून एक चांगली सोय आहे. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं, तर फोटो दाखवून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासवं आणि बहिरी (व्हेल शार्क) सोडणाऱ्यांना ती मिळालीही आहे. प्रत्येक तांडेलाच्या मोबाइलमध्ये गंगा शार्कचंही एक चित्र असायला हवं: बारीक डोळे, मागचा पर पुढच्याच्या निम्मा. जिवंत असली, तर फोटो काढून लगेच पाण्यात सोडायची.