छात्राध्यापक व अंकीय शिक्षणसाधने

अध्यापनाचे प्रशिक्षण घेणारे छात्राध्यापक संगणक, भ्रमणध्वनी, आंतरजाल इ. अंकीय साधने वर्गात वापरण्यास कितपत तयार असतात, हा शिक्षणशास्त्रातील एक अभ्यासविषय होय.

तांत्रिक साधनांच्या स्वीकाराविषयीची सर्वपरिचित उपपत्ती फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकाने १९८९ मध्ये मांडली. साधन उपयुक्त आहे आणि हाताळण्यास सोपे आहे, या वापरणाऱ्याच्या दोन समजुतींवर स्वीकार अवलंबून असतो, असे तिचे सार आहे. विश्वनाथ वेंकटेश व सहकारी यांनी २००३ मध्ये भोवतालच्या व्यक्तींचा प्रभाव व अनुकूल परिस्थिती हे घटकही विचारात घेतले. अनुकूल परिस्थितीचा संबंध इच्छेपेक्षा प्रत्यक्ष वापराशी असतो, असे त्यांनी दाखविले. म्हणजे इच्छा असूनही वापर घडेलच, असे नाही.

छात्राध्यापकांच्या बाबतीत हे अंतर अधिक जाणवते. सरावपाठाची शाळा, तिचे वेळापत्रक व उपलब्ध साधने त्यांच्या हाती नसतात. शिवाय स्वतः भ्रमणध्वनी सफाईने वापरणे आणि त्याच्या साहाय्याने शिकविणे, ही भिन्न कौशल्ये आहेत. ग्रहणाचे चलचित्र दाखविताना ते कोठे थांबवावे व कोणता प्रश्न विचारावा, हे यंत्र सांगत नाही. पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये विषय, अध्यापनपद्धती व तंत्रविद्या यांच्या एकत्रित ज्ञानावर भर दिला, तो यामुळेच.

महाराष्ट्रात १९८४ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या बालचित्रवाणीने शैक्षणिक चित्रफिती निर्माण केल्या. ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा अंकीय मंच सुरू झाला. चित्रवाणीच्या कार्यक्रमात शिक्षक बहुधा प्रेक्षक असे. अंकीय साधनांमुळे तो निर्माताही होऊ शकतो. परितेवाडी (जि. सोलापूर) येथील जिल्हा परिषद शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेत जोडणारे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी करोना साथीत शाळा बंद झाल्या, तेव्हा साधन नसलेल्या घरांतील मुले शिक्षणापासून दुरावली.

यावरून छात्राध्यापकाचा उत्साह हा केवळ त्याच्या स्वभावाचा भाग मानता येत नाही. प्राध्यापकांनी स्वतः साधने वापरून शिकविणे, सरावपाठात चुकण्यास वाव असणे आणि साधन केव्हा बाजूला ठेवावे याचा विवेक लाभणे, यांतून तो टिकतो. प्रशिक्षणात याची सोय नसेल, तर यंत्रे शाळेत पोहोचतात. पण कपाटातच राहतात.