'मी आत आहे' की 'मी बाहेर आहे'?

समजा, सीएनसी लेथमध्ये रोबोट जॉब भरतोय. दोघांचे कंट्रोलर वेगळे; बोलणं 24 व्होल्टच्या सिग्नलवर. लेथ सांगतो, 'दार उघडं आहे', की रोबोट आत. आता रोबोटने लेथला काय कळवायचं: 'मी आत आहे' की 'मी बाहेर आहे'?

कोडमध्ये दोन्ही सारखंच. पण वायर तुटली की इनपुट शून्य होतो. 'मी आत आहे' शून्य झालं, तर लेथ दार लावेल, थेट रोबोटच्या हातावर! 'मी बाहेर आहे' शून्य झालं, तर मशीन नुसती थांबेल. म्हणून मी कायम दुसरा सिग्नल घेतो.

नेटवर्कवर मात्र केबल निघाली तरी जुनी व्हॅल्यू तशीच राहू शकते. तिथे सतत 0-1 बदलणारा हार्टबीट बिट हवाच. आणि इमर्जन्सी स्टॉपचं सेफ्टी सर्किट वेगळंच ठेवा. भेटू पुढच्या भागात!